२,९०० रुपयांची पेन्शन आणि १५ लाखांची खोली

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पुण्यातल्या ५८ वर्षांच्या ताई लिहितात. पती खासगी कारखान्यात होते, बारा वर्षांपूर्वी वारले. मूलबाळ नाही. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून विधवा म्हणून महिना २,९०० रुपये पेन्शन येते. पतीच्या पश्चात नावावर झालेला वन-आरके फ्लॅट आहे, शिवाय थोड्या ठेवी. गेली तीन वर्षं त्या ६७ वर्षांच्या एका विधुर गृहस्थांसोबत, त्यांच्या फ्लॅटमध्ये राहतात. गृहस्थ टपाल खात्यातून निवृत्त, त्यांना लग्न झालेली दोन मुलं. 'लग्न केलं तर माझी पेन्शन बंद होईल, नवऱ्याचा फ्लॅट हातचा जाईल आणि त्यांच्या मुलांना हिश्शाची धास्ती वाटेल,' म्हणून दोघांनी लग्न टाळलं. आता सोसायटीचं पुनर्विकासाचं काम ठरलंय. बिल्डरकडून १५० चौरस फूट जादा जागा घेता येते, दर १०,००० रुपये. हे १५ लाख ताईंनी आपला फ्लॅट विकून घालावेत, असा विचार आहे. 'एक खोली वाढेल. आम्ही नवराबायकोसारखेच राहतो, तर मला कायद्याने काय हक्क आहेत?' असा त्यांचा प्रश्न.

ताई,

तुमच्या पत्रात पेन्शनचा आकडा चार वेळा आला आहे. पंधरा लाखांचा एकदाच, तोही शेवटाकडे, 'घरातलीच गोष्ट आहे' असं म्हणत. आपण उलट्या क्रमाने जाऊ, कारण बिल्डरच्या करारावर सही झाली की त्या पंधरा लाखांबाबत फार काही करता येणार नाही.

तुम्ही काहीच लिहून न घेता हे पैसे दिलेत, तर प्राप्तिकर कायद्याच्या नजरेत ती भेट ठरू शकते. नातेवाईक नसलेल्या माणसाकडून वर्षभरात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट मिळाली की ती सगळी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरतात, नुसती ५०,००० च्या वरची नाही. नातेवाइकांच्या यादीत पती-पत्नी आहेत, भावंडं आहेत. सोबत राहणारा जोडीदार नाही. म्हणजे तुमच्या पंधरा लाखांवर त्यांना कर भरावा लागू शकतो. आणि भेट एकदा दिली की परत मागता येत नाही.

'भेट नव्हे, ती खोली माझीच, फक्त नाव त्यांचं,' असं उद्या म्हणालात तर ते आणखी अडचणीचं. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, हीच बेनामी व्यवहाराची व्याख्या. २०१६च्या दुरुस्तीनंतर त्याला जे अपवाद आहेत त्यात पती किंवा पत्नीच्या नावे, मुलांच्या नावे वैध पैशातून घेतलेली मालमत्ता बसते. तुमचं नातं त्यात बसत नाही. बेनामी म्हटलेली मालमत्ता 'खरी मालक मी' म्हणून कोर्टात मागता येत नाही. सरकार ती जप्त करू शकतं, आणि शिक्षा एक ते सात वर्षांची आहे. दोन निवृत्त माणसांच्या स्वयंपाकघरासाठी कुणी धाड घालणार नाही, हे मान्य. पण त्यांच्या पश्चात मुलांशी वाद झाला तर समोरचा वकील पहिला हाच मुद्दा काढेल.

राहता राहिलं कर्ज, आणि तोच सरळ मार्ग. पैसे बँकेतूनच द्या. २०,००० किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीने घेणं प्राप्तिकर कायद्याला चालत नाही. लेखी करार करा, बिनव्याजी असला तरी हरकत नाही. आता इथे एक खोच आहे, ती नीट वाचा. आपल्याकडे करारात सर्रास 'मागाल तेव्हा परत करीन' असं लिहितात. ऐकायला ते देणाऱ्याच्या सोयीचं वाटतं. पण अशा कर्जासाठी कोर्टात दावा लावायची तीन वर्षांची मुदत मागितल्यापासून नाही, पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजतात. चौथ्या वर्षी मागायला गेलात तर दावा मुदतबाह्य. म्हणून परतफेडीची तारीख घाला. उदाहरणार्थ, ३१ मार्च २०३६, किंवा फ्लॅट विकला गेला तर तेव्हा, किंवा त्यांच्या निधनानंतर सहा महिन्यांत, यांतलं जे आधी घडेल ते. शिवाय दर दोन वर्षांनी त्यांच्या सहीचं दोन ओळींचं पत्र घेऊन ठेवा: 'इतकी रक्कम देणं बाकी आहे.' मुदत संपायच्या आत घेतलेल्या अशा कबुलीने मुदत नव्याने सुरू होते. मुद्रांक किती लागेल ते वकिलाकडून ठरवून घ्या. ५०० रुपयांचा कागद दरवेळी पुरतोच असं नाही.

पण त्याआधी विचारते, स्वतःचा फ्लॅट विकायचाच कशाला? वन-आरके असला तरी कुणाचीही परवानगी न घेता कुलूप उघडून आत जावं असं तुमचं तेवढं एकच घर आहे. भाड्याने द्या. हवं तर ठेवींतून तीन-चार लाख कर्जाऊ द्या आणि जादा जागा कमी घ्या. १५० चौरस फुटांऐवजी ५० घेतल्याने संसार अडत नाही.

आता पेन्शन. विधवेची ही पेन्शन पुनर्विवाहानंतर थांबते, तुमची माहिती बरोबर आहे. २,९०० म्हणजे वर्षाचे ३४,८००, वीस वर्षांत सुमारे सात लाख. रक्कम लहान नाही. पण वहीची दुसरी बाजू तुम्ही उघडलेलीच नाही. तुमचे सोबती केंद्र सरकारचे पेन्शनर आहेत. निवृत्तीनंतर लग्न केलं तरी त्यांच्या पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच तो मान्य केलेला आहे. सातव्या वेतन आयोगानंतर हे वेतन कमीत कमी ९,००० रुपये, त्यावर महागाई भत्ता वेगळा. म्हणजे २,९०० वाचवण्यासाठी तुम्ही पुढे मिळू शकणाऱ्या किमान ९,००० वर पाणी सोडताय. सोबत राहणाऱ्या स्त्रीला यातला रुपयाही मिळत नाही, मग ती तीन वर्षं राहिलेली असो की तीस. लग्न केलंत तर विवाहाचा दाखला जोडून त्यांनी आपल्या हयातीतच खात्याला कळवायला हवं आणि पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओत, तुमचं नाव चढवून घ्यायला हवं. हे राहून गेलं तर नंतर कागद जमवताना दम निघतो.

दुसरी समजूत, पतीचा फ्लॅट जाईल ही. तो तुम्हाला वारसाहक्काने मिळाला तेव्हाच पूर्णपणे तुमचा झाला. पुनर्विवाहाने तो परत कुणाकडे जात नाही. दीर आले तरी नाही.

तिसरी, मुलांची धास्ती. तुम्ही पत्नी झालात आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नाही, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने तुम्ही आणि दोन मुलं, तिघांना सारखा वाटा, म्हणजे एक-तृतीयांश. मुलं घाबरतात ती याला. पण स्वकष्टार्जित मालमत्तेचं मृत्युपत्र माणूस हवं तसं करू शकतो, लग्न झालेलं असलं तरीही. 'मालकी मुलांची, पत्नीला हयातीपर्यंत राहण्याचा हक्क' असं लिहिलं की दोन्ही गोष्टी साधतात. तेव्हा मुलांना नको आहे ते लग्न, की मृत्युपत्राशिवायचं लग्न? हा प्रश्न त्यांना समोर बसवून, तुम्ही दोघांनी मिळून विचारायला हवा. 'त्यांना वाईट वाटेल' हे पत्रात आहे, पण त्यांच्याशी बोलल्याचा उल्लेख कुठे दिसला नाही.

लग्न ठरलं तर विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करता येते: ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, दोघांच्या आधीच्या जोडीदारांचे मृत्यूचे दाखले. मात्र 'देवळात गुपचूप हार घालू, कुणाला सांगायचं नाही' हा मधला मार्ग नको. विधी झाले तर नोंदणीशिवायही हिंदू विवाह वैध असतो, आणि मग दरवर्षी हयातीच्या दाखल्यासोबत 'पुनर्विवाह केलेला नाही' हे जे तुम्ही देता ते खोटं ठरतं.

हेच प्रतिज्ञापन दुसऱ्या बाजूनेही आड येतं. बरीच वर्षं नवराबायकोसारखं राहिलेल्यांचं लग्न झालं आहे असं कोर्ट गृहीत धरू शकतं. १९७८च्या एका गाजलेल्या निकालात पन्नास वर्षांच्या सहवासावरून तसं धरलं गेलं. अनेक जण त्याच भरवशावर असतात. पण ते गृहीतक आहे, पुराव्याने खोडता येतं, आणि तुमच्या बाबतीत तो पुरावा दरवर्षी तुमच्याच सहीने जमा होतो आहे.

मग लग्नाशिवाय हाती काही नाही का? आहे, २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा. त्यात 'विवाहसदृश नातं' धरलेलं आहे. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कसोट्या सांगितल्या: दोघं सज्ञान, लग्नाला मोकळे, समाजात जोडपं म्हणून वावरणारे आणि बऱ्यापैकी काळ राजीखुशीने एकत्र राहिलेले. २०१३मध्ये त्यात घरखर्च एकत्र आहे का, मुलं आहेत का, अशा बाबींची भर पडली. तुम्ही दोघं या कसोट्यांना उतरता. (पुरुषाचं पहिलं लग्न कायम आहे हे माहीत असून राहणाऱ्या बाईला मात्र २०१३च्या त्याच निकालात हे संरक्षण नाकारलं गेलं.) त्रास दिला, घराबाहेर काढलं, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून राहण्याचा आदेश, खर्चाची रक्कम, नुकसानभरपाई मागता येते. पण हा कायदा राहण्यापुरता आहे, मालकी देत नाही. आणि त्याचा खरा उपयोग ते हयात असेपर्यंत. त्यांच्या पश्चात मुलांनी कुलूप बदललं तर याच्याच जोरावर घर राखता येईल असं धरून चालू नका.

याच संदर्भात एक सूचना, सगळ्याच वाचकांसाठी. 'लिव्ह-इनचं रजिस्ट्रेशन करून देतो' म्हणणारे एजंट सध्या बरेच आहेत. उत्तराखंडात जानेवारी २०२५पासून अशी नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात ती व्यवस्थाच नाही. नोटरीचा शिक्का मारलेला 'सहजीवन करार' एकत्र राहत असल्याचा पुरावा म्हणून थोडाफार कामी येतो. त्याने वारसाहक्क निर्माण होत नाही.

घराचा प्रश्न सुटतो तो मृत्युपत्राने, म्हणून इथे जरा थांबू. आधी सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट काढून बघा. पुण्यातल्या जुन्या फ्लॅटवर बहुधा नवराबायको दोघांची नावं असतात. त्यांच्या दिवंगत पत्नीचं नाव असेल आणि तिने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर तिचा अर्धा हिस्सा पती आणि दोन मुलं असा तिघांत वाटला गेला आहे. हिशेब केला तर आज गृहस्थांचा हिस्सा दोन-तृतीयांश, मुलांचा मिळून एक-तृतीयांश. मृत्युपत्र ते फक्त आपल्या हिश्शाचं करू शकतात. बिल्डरही कराराआधी मुलांची हक्कसोडपत्रं मागेलच. मुलांशी बोलायला याहून योग्य वेळ सापडणार नाही.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदार लागतात, ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे, आणि शक्यतो करणाऱ्यापेक्षा वयाने लहान. ते आधीच गेले तर सिद्ध कोण करणार? नोंदणी सक्तीची नाही, पण तुमच्यासारख्या नात्यात ती कराच. दुय्यम निबंधकाकडे शुल्क १०० रुपये. त्याच सुमाराचा, 'शुद्धीवर व सारासार विचार करण्यास सक्षम' असा डॉक्टरांचा दाखला सोबत ठेवा.

मजकुरात दोन ठिकाणी चूक होते. एक, फ्लॅटचा जुना क्रमांक लिहिला जातो. पुनर्विकासात इमारत पडते, नव्या इमारतीत वेगळा क्रमांक येतो, आणि मृत्युपत्रात लिहिलेली वस्तूच अस्तित्वात नाही म्हणून ते कलम निकामी झाल्याचा वाद उभा राहतो. म्हणून 'ही सदनिका, किंवा पुनर्विकासात तिच्या बदल्यात मिळणारी सदनिका व बांधकामाच्या काळातील भाडं' असं लिहा. ते दोन-तीन वर्षांचं भाडं फार जण विसरतात. नेमकं त्याच काळात काही बरंवाईट झालं तर तुम्ही राहणार कुठे? दोन, 'हयातीपर्यंत राहू द्यावे' एवढंच मोघम लिहितात. सोसायटीची देखभाल आणि मालमत्ता कर कोण भरणार, तुम्ही कुणाला सोबतीला ठेवू शकता का, सहा महिने बहिणीकडे गेलात तर हक्क जातो का, मुलांना मध्येच विकायचं असेल तर तुमच्या संमतीशिवाय नाही, हे सगळं लिहा. व्यवस्थापक म्हणून, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला, तिऱ्हाईत, दोन्हीकडच्यांचा विश्वास असलेला माणूस नेमा. तुमचं कर्ज असेल तर ते आधी फेडण्याचा उल्लेखही यातच करा. मृत्युपत्राने मिळालेल्या गोष्टीवर प्राप्तिकर लागत नाही, नातं नसलं तरीही. उलट आत्ता हयातीत बक्षीसपत्र करून हिस्सा दिला तर पत्नीसाठीची २०० रुपयांची मुद्रांक सवलत तुम्हाला नाही. खरेदीखतासारखं पूर्ण शुल्क लागेल, वर प्राप्तिकर वेगळा.

मुस्लिम वाचकांना वारसांच्या संमतीशिवाय एक-तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र करता येतं. गोव्यात मुलं असतील तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव असते. ख्रिस्ती आणि पारशी मंडळींचं आधीचं मृत्युपत्र लग्नाने रद्द होतं, हिंदूंचं होत नाही.

ताई, तुमच्या स्वतःच्या मृत्युपत्राबद्दल पत्रात अवाक्षर नाही. अपत्य नसलेल्या विधवेने मृत्युपत्र केलं नाही तर तिची स्वकष्टाची मिळकतसुद्धा आधी दिवंगत पतीच्या वारसांकडे जाते. माहेरचा क्रम नंतर. सासरच्यांनी लग्नानंतर लवकरच घराबाहेर काढलेल्या एका विधवेची स्वतः नोकरी करून जमवलेली ठेव अखेर त्याच सासरकडे गेली. २००९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. तुमचा फ्लॅट आणि ठेवी दीर-पुतण्यांना द्यायच्या असतील तर गोष्ट वेगळी. बहिणीला, भाचीला किंवा या सोबत्याला द्यायच्या असतील तर कागद तुम्हीच करायला हवा, याच महिन्यात.

बँकेत एकमेकांना नॉमिनी करता येतं, कुणाचीच हरकत नसते. फक्त नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. तो पैसे ताब्यात घेतो, पण हिशेब वारसांना द्यावा लागतो. सोसायटीतही नॉमिनी तात्पुरता सभासद असतो. म्हणून नॉमिनेशन आणि मृत्युपत्र यांत एकच नाव ठेवा. घरखर्चापुरतं एक संयुक्त खातं 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असणारा' या पद्धतीने उघडा, बाकी पैसा वेगळा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत संयुक्त खातं फक्त पती-पत्नीचं निघतं. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत ती अट नाही. आरोग्य विमा दोघांचा स्वतंत्र घ्या. कुटुंबाच्या पॉलिसीत 'पत्नी' लिहून प्रीमियम वाचवायला गेलात तर दाव्याच्या वेळी कंपनी तेच कारण पुढे करेल.

दवाखान्यासाठी कुलमुखत्यारपत्र पुरेल असं वाटतं, पण करून देणाऱ्याचं भान गेलं की आपल्या कायद्यात ते संपतं. म्हणजे माणूस कोमात गेला की ऐन गरजेला ते निरुपयोगी. त्याऐवजी 'वैद्यकीय इच्छापत्र' करा. २०२३च्या सुधारित नियमांप्रमाणे दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. अखेरच्या आजारात उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे याचा निर्णय कुणी घ्यायचा, त्यांची नावं त्यात देता येतात. तुमच्या जोडीला त्यांच्या एका मुलाचंही नाव घाला. डॉक्टरांसमोर दोन पक्ष उभे राहत नाहीत.

तरुण जोडप्यांची पत्रंही बरीच येतात, त्यांच्यासाठी थोडंसं. भविष्य निर्वाह निधीच्या नियमांत अवलंबून असलेले आईवडील 'कुटुंबा'त मोडतात. ते असताना जोडीदाराचं नॉमिनेशन ग्राह्य धरत नाहीत. फ्लॅटचा हप्ता दोघं भरत असाल तर खरेदीखतात दोघांची नावं आणि हिस्सा टक्क्यांत हवा. नावाशिवाय हप्ते भरणाऱ्याची गत ताईंच्या पंधरा लाखांसारखीच. भाड्याचा लिव्ह-अँड-लायसन्स करार नोंदवलेला असावा आणि त्यात दोघांची नावं असावीत. मूल झालं तर आईवडिलांच्या स्वतःच्या मालमत्तेत त्याचा हक्क आहे, पोटगीचाही आहे. आजोबांच्या वडिलोपार्जित इस्टेटीत मात्र वाद होतात.

तुमच्याकडे परत येते. बिल्डरचा करार कधी आहे ते पत्रात नाही, पण सोसायटीचा मसुदा साधारण काही आठवडे आधी सभासदांच्या हाती पडतो. तो आला की शेअर सर्टिफिकेटची प्रत घेऊन, दोघांनी मिळून, बिल्डरचा किंवा सोसायटीचा नसलेला वकील गाठा. पीपीओची प्रतही न्या. लग्न करायचं की नाही हे तिथेच ठरवायला हवं असं नाही. पण जादा जागेच्या रकान्यात किती फूट लिहायचे आणि पैसे कुणाच्या खात्यातून, कुठल्या कागदावर जाणार, हे त्या दिवशी ठरवूनच घरी या.